जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट: इंदूरच्या रस्त्यांवर कोणाला परवडतं, कुठे फसतं

पेट्रोलचा भाव चढला की इंदुरात एक प्रश्न घरोघरी निघतो: "गॅस बसवून घेऊ का?" उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या गाडीवरून दिलं जातं, नाहीतर किट विकणाऱ्याने कागदावर मांडलेल्या आकड्यांवरून. दोन्हींत तीन गोष्टी हमखास सुटतात: पेट्रोल आणि सीएनजीच्या भावांतला फरक, आपल्या एका फेरीची लांबी, आणि किट बसवणाऱ्याचा हात. नफातोटा या तिघांवरच ठरतो. म्हणून इथे कुठल्या एका ब्रँडचं कौतुक किंवा तक्रार नाही. टर्बो नसलेल्या, चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट, सोबत ६० लिटरची टाकी, आणि इंदूर, पीथमपूर, देवास, उज्जैन या टापूतला रोजचा वापर, एवढ्याचंच हे परीक्षण.

आधी बाकीचे उपाय. मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का उपकर आहे. गुजरातेत १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर. म्हणून अहमदाबादकडे निघालेला इंदूरकर टाकी तळाला आणत पिटोलची सीमा ओलांडतो आणि दाहोदला फुल करतो. त्या प्रवासापुरतं ते शहाणपणाचं आहे, रोजच्या ऑफिसला त्याचा उपयोग नाही. टायरमध्ये हवा बरोबर ठेवणं, हायवेला ९० ऐवजी ७० वर चालवणं, सिग्नलला इंजिन बंद करणं, हे सगळं करावंच, पण त्याने खर्चाचा आकडा थोडा खाली येतो, पायरी बदलत नाही. दरवेळी पाचशेचंच पेट्रोल टाकण्याने तर काहीच वाचत नाही. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीचं अॅव्हरेज थोडं पडतं. भाव स्थिर राहिला तरी किलोमीटरमागचा खर्च वाढतो, तो असा.

हिशोब, आपल्या आकड्यांनी

पेट्रोल १०६ रुपये लिटर आणि सीएनजी ९२ रुपये किलो धरू. हे फक्त हिशोबाचे आकडे आहेत, तुमच्या पंपावरचा त्या दिवशीचा भाव त्यांच्या जागी घाला. गाडी पेट्रोलवर लिटरमागे १५ किलोमीटर देत असेल तर चांगल्या ट्यूनिंगला गॅसवर किलोमागे २० च्या आसपास देते. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये ७ पैसे, गॅसवर ४ रुपये ६० पैसे. फरक २ रुपये ४७ पैसे.

विक्रेता इथेच थांबतो. पण गाडी गॅसवर सुरू होत नाही. ती पेट्रोलवर सुरू होते आणि रेड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) गरम झाल्यावर गॅसवर जाते. सुदामा नगरातून पीथमपूरला जाणाऱ्याची एक फेरी ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर जातात. म्हणजे दहा टक्के वजा. वाचलेले पैसे २ रुपये २२ पैशांवर आले. प्लग, फिल्टर, ट्यूनिंग यांचा जादा खर्च दहा हजार किलोमीटरला ३,००० रुपये धरला तर आणखी ३० पैसे गेले. हातात राहिले १ रुपया ९२ पैसे. किट, टाकी, बसवणं आणि कागदपत्रं मिळून ६५,००० लागले असं धरलं तर पैसे वसूल व्हायला ३४,००० किलोमीटर लागतात. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याला ते पावणेदोन-दोन वर्षांत जमतं.

आता दुसरं घर घ्या. लोकमान्य नगरातून राजवाडा, मुलांची शाळा, संध्याकाळी भाजी. एकेक फेरी पाच किलोमीटरची, त्यातले दीड पेट्रोलवर. इथे तीस टक्के अंतर पेट्रोलचंच राहतं, बचत १ रुपया ४३ पैशांवर येते आणि वसुलीला ४५,००० किलोमीटरपेक्षा जास्त लागतात. महिन्याला ५०० किलोमीटर चालणाऱ्याची ती साडेसात वर्षं झाली, आणि तोवर टाकीची दोनदा हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी सक्तीची तपासणी, येऊन जाते. अशा घराने किट बसवू नये, असं मी स्पष्टच सांगेन. पेट्रोल दहा रुपयांनी वाढलं आणि गॅस तिथेच राहिला, तरी वसुलीला पावणेसहा वर्षं लागतात.

आणि गॅसही जागचा हलतोच. १ एप्रिल २०२२ ला देशी नैसर्गिक वायूचा सरकारी दर एमएमबीटीयूमागे (वायू मोजायचं उष्णतेचं एकक) २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरात ८.५७ वर. सीएनजी त्याच्यामागून चढला. एप्रिल २०२३ मध्ये नवी पद्धत आणि ६.५० डॉलरची कमाल मर्यादा आली. २०२४ च्या शेवटी शहर गॅस कंपन्यांना मिळणारा हा स्वस्त वायू कमी करण्यात आला. त्यामुळे आजचा फरक पाच वर्षं तसाच राहील असं धरून कर्जावर किट घेणं धोक्याचं आहे. फरक निम्मा झाला तर काय, हा हिशोब एकदा मांडून बघा. महिन्याला १,५०० किलोमीटरवाल्यालाही मग वसुलीला साडेचार वर्षं लागतात.

पेटीत काय असतं, आणि बसवताना कुठे बघायचं

टाकी, म्हणजे ६० लिटर पाण्याच्या मापाची स्टीलची, रिकामीच साठेक किलोची. तिच्यावर व्हॉल्व्ह. तिथून पुढे इंजिनपर्यंत ६ मिलिमीटरची सीमलेस स्टीलची नळी. बोनेटमध्ये भरण्याचा व्हॉल्व्ह, प्रेशर दाखवणारं घड्याळ, रेड्यूसर, कमी दाबाचा छोटा फिल्टर, इंजेक्टरची रेल, दाब आणि तापमानाचे सेन्सर, किटचा स्वतःचा ईसीयू (इंधन किती सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणक), आणि स्टिअरिंगजवळ दिव्यांचा बदल-स्विच. टाकीत २०० बार दाब असतो, रेड्यूसर तो दोन बारच्या आसपास आणतो, आणि ईसीयू पेट्रोल इंजेक्टरचा इशारा वाचून प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडतो. जुनं मिक्सरवालं किट हवेच्या नळीतच गॅस मिसळायचं, एखादा प्लग चुकला की एअर फिल्टरचा डबा फुटायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ते आज कोणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका.

चांगला फिटर किटला हात लावण्याआधी गाडी तपासतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, प्लग, कॉइल, एअर फिल्टर, कूलंट, आणि स्कॅनर लावून पेट्रोलवरचे फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा ईसीयू इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय ते. ट्रिम पेट्रोलवरच अधिक-उणे दहाच्या बाहेर असतील तर आधी तो दोष काढायला हवा. नाहीतर तो दोष गॅसच्या मॅपमध्ये (कधी किती गॅस सोडायचा याच्या ईसीयूतल्या तक्त्यात) कायमचा शिवला जातो आणि पुढे दोन मिस्त्री एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. हे न बघता "सकाळी आणा, दुपारी घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये. नीट कामाला पूर्ण दिवस लागतो.

टाकीचा स्टँड नुसत्या डिक्कीच्या पत्र्यात पकडलेला नसावा. बोल्ट खालून जाड पट्टी लावून आवळलेले हवेत, टाकी आणि पट्ट्याच्या मध्ये रबर हवं. हॅचबॅकमध्ये डिक्की आणि माणसांची जागा एकच, म्हणून टाकीच्या व्हॉल्व्हवर हवाबंद पिशवी आणि तिच्यातून गाडीच्या खाली उघडणाऱ्या दोन नळ्या असल्याच पाहिजेत. गळती झाली तर गॅस बाहेर जावा, आत साठू नये, एवढ्यासाठी ती पिशवी. काही ठिकाणी ती नुसती चढवतात आणि नळ्या खाली काढतच नाहीत. गाडीखाली वाकून दोन तोंडं मोजा.

उच्च दाबाची नळी सायलेन्सरपासून लांब, दर दोन फुटांच्या आत क्लिपने धरलेली, आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगसारखे दोन-तीन वेढे दिलेली असावी. ते वेढे शोभेचे नाहीत. इंजिन हलतं, गाडीची बॉडी वेगळी हलते, आणि सरळ नळी जोडापाशी थकून चिरते.

रेड्यूसर इंजिनवर न बसवता बॉडीवर, आणि रेडिएटरच्या वरच्या पातळीपेक्षा खाली बसवायचा असतो. २०० बारवरून दोन बारवर येताना गॅस इतका थंड होतो की आतली ओल गोठते, म्हणून हीटरच्या होजला टी जोडून इंजिनचं गरम कूलंट त्यातून फिरवतात. रेड्यूसर उंचावर बसला की त्यात हवा अडकते, कूलंट फिरत नाही, आणि हायवेवर वीस मिनिटांनी त्याच्यावर दंव धरतं. गाडी झटके देऊन आपोआप पेट्रोलवर जाते. मिस्त्री इंजेक्टर बदलायला सांगतो, खरा दोष होजमधली हवा. अजून एक सवय नडते: टी जोडताना सांडलेलं कूलंट बोअरच्या पाण्याने भरून काढतात. आपल्याकडच्या जड पाण्याने वर्षभरात रेड्यूसरच्या अरुंद वाटा खपली धरून बंद होतात. बसवायच्या दिवशी एक लिटर तयार कूलंटची बाटली आपणच नेऊन हातात द्यावी.

सगळ्यात नाजूक काम मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांना, गॅसच्या नोझलसाठी भोकं पाडण्याचं. नोझल पेट्रोल इंजेक्टरच्या जितक्या जवळ, तितकं चांगलं, आणि चारही एकाच कोनात. मॅनिफोल्ड काढून टेबलावर भोकं पाडणं हा खरा मार्ग. जागेवरच ड्रिल चालवलं तर निदान बिटला ग्रीस लावून, थोडं थोडं पाडून, किसाचे कण पुसत जावं लागतं. एक कण व्हॉल्व्हच्या बैठकीत गेला की तो सिलिंडर गेलाच म्हणायचा. रेलपासून नोझलपर्यंतच्या चारही रबरी नळ्या सारख्या लांबीच्या आणि शक्य तितक्या आखूड असाव्यात. दोन आखूड, दोन लांब असल्या की आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, गाडी कायम किंचित थरथरते आणि कुठल्याही ट्यूनिंगने ते जात नाही. नोझलचं भोक इंजिनच्या ताकदीप्रमाणे साधारण १.८ ते २.५ मिलिमीटर. लहान राहिलं तर चढावर गॅस कमी पडतो, मोठं झालं तर आयडल बिघडतं.

वायरिंगमध्ये पेट्रोल इंजेक्टरच्या तारा मधे तोडून किटमधून फिरवतात. ते जोड सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवलेले हवेत. पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवे पडतात आणि गाडी पेट्रोलवरही मिस मारायला लागते. किटच्या ईसीयूची जागाही बघा, गाडी धुताना पाण्याचा फवारा बसेल अशी नको.

शेवटी साबणाचं पाणी. टाकी भरल्यावर प्रत्येक जोडावर ब्रशने फेस लावून बघायचा, बुडबुडा आला तर दाब काढून जोड परत करायचा. दाब असताना पाना मारू नये. पाच मिनिटांचं हे काम आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या.

ट्यूनिंग

पैसे इथे वसूल होतात आणि फसवणूकही इथेच होते. बहुतेक ठिकाणी लॅपटॉप लावून गाडी उभी असताना ऑटो कॅलिब्रेशन करतात आणि किल्ली हातात देतात. त्याने फक्त आयडल जुळतं. रस्त्यावरचा मॅप वेगळा. गाडी आधी पेट्रोलवर, मग गॅसवर त्याच गिअरमध्ये, त्याच वेगांना चालवून दोन्ही वेळचे इंजेक्शनचे मिलिसेकंद जुळवावे लागतात. शेजारी लॅपटॉपवाला, स्टिअरिंगला दुसरा माणूस, आणि सुपर कॉरिडॉरसारखा मोकळा रस्ता, निदान अर्धा तास.

काम जमलं का हे पाहायला साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) पुरतो. तीनशे-चारशे किलोमीटर गॅसवर चालल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. अधिक-उणे पाचच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालेल, त्यापुढे परत जा. ट्रिम अधिकाकडे पळत असेल तर मिश्रण पातळ आहे: नोझल लहान, रेड्यूसरचा दाब कमी, छोटा फिल्टर तुंबलेला, किंवा व्हॅक्यूमची नळी निसटलेली. पी०१७१ कोड घेऊन चेक इंजिनचा दिवा लागतो तो याचमुळे. उण्याकडे जात असेल तर मिश्रण जाड, आणि आपल्या धुळीच्या रस्त्यांवर आधी एअर फिल्टर काढून बघावा.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. गाडीचा मूळ ईसीयू गॅसवरच्या चुकाही शिकतो. मॅप चुकीचा असला की तीच चुकीची दुरुस्ती तो पेट्रोलवरही लावतो. म्हणून "किट बसवल्यापासून पेट्रोलवर पण गाडी नीट चालत नाही" ही तक्रार आली तर इंजिन खोलायची घाई करू नये. आधी मॅप सुधारा, मग ईसीयूचे शिकलेले ट्रिम पुसा आणि शंभर किलोमीटर नुसती पेट्रोलवर चालवा. दिवा लागला की स्कॅनरने नुसता पुसून देणारा मिस्त्री तुमचं काम करत नाही, पुढे ढकलतो.

चालवताना

गॅसवर ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. शहरात ते फारसं जाणवत नाही. भेरूघाटात चार माणसं, सामान आणि एसी लावून जाल तर नक्की जाणवतं, जिथे तिसरा पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. असा चढ पेट्रोलवर चढवून वर गेल्यावर स्विच दाबावा. यात कंजूषी करून इंजिन रखडवलं तर वाचलेले पाच-सात रुपये क्लच आणि व्हॉल्व्ह खातात.

मागे साठ-सत्तर किलो कायमचे बसलेले असतात, म्हणून मागच्या टायरला दारावरच्या पट्टीवरचा पूर्ण लोडचा आकडा ठेवावा, एकट्याने चालवत असलात तरी. जुनी गाडी असेल तर मागच्या स्प्रिंगही बसतात. स्टेपनी डिक्कीच्या तळाशी असेल तर ती टाकीखाली अडकणार नाही ना, हे बसवण्याआधी ठरवून घ्या. रात्री पंक्चर झाल्यावर ते कळून उपयोग नाही.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणं ही सगळ्यात महागडी चूक. बऱ्याच गाड्यांत गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो आणि टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड होतो. दोन लिटरवर महिनेच्या महिने चालवणाऱ्याचा पंप जळतो आणि वर्षभराची बचत तिथे जाते. टाकीत आठ-दहा लिटर नेहमी असावं. तेच पेट्रोल महिनोन्‌महिने साठवूही नये. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात जास्तच. आठवड्यातून एकदा पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवलं की टाकी फिरती राहते आणि पेट्रोल इंजेक्टरही मोकळे राहतात.

पंपावर

इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेरला सीएनजी पुरवते ती अवंतिका गॅस, गेल आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची संयुक्त कंपनी. देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पातून निघणारा बायो-सीएनजी मुख्यतः शहर बसच्या कामी येतो, आपल्या टाकीच्या हिशोबात तो धरू नका.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सगळे पंप सारखे नसतात. काही थेट गॅसच्या पाइपलाइनवर आहेत, त्यांचा कॉम्प्रेसर सतत दाब देत राहतो. काहींना ट्रकवरून आणलेल्या सिलिंडरांच्या रॅकमधून गॅस येतो. रॅक भरलेला असताना तिथेही २०० बार मिळतात, पण तो रिकामा होत आला की दाब उतरतो आणि घड्याळ १५०-१६० वर अडकतं. बिल किलोवर होतं त्यामुळे पैशांची फसवणूक नाही, फक्त फेऱ्या वाढतात. आपल्या रस्त्यावरचा कुठला पंप लाइनवर आहे ते तिथल्या माणसाला विचारून ठेवा आणि तोच धरा. ६० लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो बसतो. मे महिन्यात दुपारी भरला तर त्याहून कमी, कारण भरताना गॅस तापतो आणि दाब आधीच गाठला जातो. पहाटे किंवा रात्री उशिरा भरल्यास अर्धा-पाऊण किलोचा फरक पडू शकतो आणि रांगही लहान असते. शनिवार-रविवारी महाकालच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांमुळे उज्जैन रस्त्यावर रांगा लांबतात, त्या दिवशी शहरातच भरून निघावं. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा. त्यासाठी पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

रांगेचा वेळ हा किटच्या किमतीतच धरायला हवा. आठ किलोत १६० किलोमीटर, म्हणजे पीथमपूरवाल्याला दर तिसऱ्या दिवशी पंप. ज्याच्या वाटेवर पंप नाही आणि वाकडी वाट करून चार किलोमीटर जावं लागतं, त्याने हिशोबातून तेही वजा करावं.

घरगुती एलपीजीचा सिलिंडर व्हॅनमध्ये उलटा करून भरण्याचे प्रकार आपल्या भागात अजून चालतात. तो गॅस हवेपेक्षा जड, गाडीच्या तळाशी साचून राहतो, आणि भरण्याच्या त्या जागांना ना झडप ना सुरक्षा. मुलांची शाळेची व्हॅन असली काही करत असेल तर त्या दिवसापासून मुलांना तिच्यात बसवू नये.

देखभाल आणि कागद

गॅस पेटायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप पेट्रोलला १.० ते १.१ मिलिमीटर असेल तर गॅसवर ०.७ ते ०.८ ठेवतात. साधे प्लग वीस हजार किलोमीटरला बदला. इरिडियमच्या बारीक टोकाला ठोकून गॅप कमी करू नका, ते तुटतं. चढावर झटके आणि पी०३०० कोड आला तर गॅसला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल बघा, बऱ्याचदा तिथेच सापडतं.

एअर फिल्टर पाच हजारला साफ. कमी दाबाचा छोटा फिल्टर दहा ते पंधरा हजारला बदला, त्यात कॉम्प्रेसरचं तेल येतं आणि पुढे इंजेक्टर चिकटतात. काळपट चिकट फिल्टर बाहेर आला तर घाबरू नका, त्याने आपलं काम केलंय. ज्या इंजिनात व्हॉल्व्हचा क्लिअरन्स हाताने ठेवावा लागतो, तिथे दर वीस हजारला तो मोजून घ्या. पेट्रोलचा थेंब व्हॉल्व्हला गार करतो, गॅस कोरडा असतो, त्यामुळे बैठक झिजून क्लिअरन्स कमी होत जातो. कंपनीतून आलेल्या सीएनजी गाड्यांत बैठका कडक धातूच्या असतात, आपल्या गाडीत त्या बहुधा नाहीत. बाहेरच्या किटला वीस हजारची ही तपासणी टाळणारा माणूस साठ-सत्तर हजारला हेड उघडतो.

कागदांत ढिलाई नको. बीएस-६ गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली, पण प्रत्येक किटची मंजुरी ठरावीक गाड्यांपुरती असते. बसवणाऱ्याकडून मंजुरीच्या कागदाची प्रत मागा, त्यात आपल्या गाडीचं मॉडेल आहे का ते स्वतः वाचा, नसेल तर तिथून निघा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांना हे किट लावू नये, गॅसवर त्यांचे पेट्रोल इंजेक्टर बंद पडून तापतात. किटचं बिल, फिटमेंटचा दाखला आणि टाकीच्या टेस्टचा दाखला, तिन्हींवर टाकीवर कोरलेलाच नंबर हवा. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर इंधन बदलून घ्या. नायता मुंडल्याच्या आरटीओत एक चक्कर पडते, ती टाळू नका. आरसीवर नोंद नसलेल्या किटच्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. विम्यात किटच्या किमतीवर साधारण ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये वाढतात, एवढंच. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं, बाहेरचं किट बसलं की इंजिनची वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात.

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी. तारीख टाकीवर कोरलेली आणि भरण्याच्या व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर असते. तारीख उलटली की पंपावरचा माणूस गॅस द्यायला नकार देतो आणि त्याचं बरोबरच आहे. टेस्टसाठी टाकी उतरवून केंद्रावर द्यावी लागते, तेवढे दिवस गाडी पेट्रोलवर चालते. परत बसवताना जोडांच्या फेरूल (नळी घट्ट धरणाऱ्या छोट्या कड्या) नव्या टाकायला सांगा, जुन्याच परत आवळल्या तर त्या बसत नाहीत. जुनी गाडी किटसह विकत घेत असाल तर सगळ्यात आधी हीच पट्टी वाचा: टेस्ट संपलेली, टाकीचा नंबर आरसीशी न जुळणारा, किंवा पट्टीच नसलेली गाडी असेल तर किटची किंमत शून्य धरून भाव करा, आणि टाकी काढून टाकण्याचा खर्च त्यातून वजा करा.